शत्रूने सोडलेला सम्राट

इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत रोमानोस डायोजेनिस या सम्राटाच्या वाट्याला एकच वाक्य येते. 26 ऑगस्ट 1071 रोजी मांझिकर्टच्या मैदानावर सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने त्याचा पराभव केला आणि आशिया मायनर तुर्कांना मोकळे झाले. या वाक्याचे दोन्ही तुकडे खरे आहेत. त्यांना जोडणारा 'आणि' मात्र मला मान्य नाही. हे चरित्र लिहायला घेतले ते त्या एका 'आणि'पायी.

मांझिकर्टची लढाई आणि तुर्कांचे मार्माराच्या समुद्रापर्यंत पोचणे यांच्यामध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे. त्यांतले पहिले वर्ष हा या पुस्तकाचा गाभा. त्या वर्षात शत्रूने सम्राटाला मानाने सोडून दिले आणि त्याच्याच दरबाराने त्याला आंधळे केले. राज्य रणांगणावर बुडाले की घरात, हा प्रश्न त्या वर्षाकडे नीट पाहिल्याशिवाय सुटत नाही.

आधी नावांविषयी थोडे सांगायला हवे. रोमानोसच्या राज्याला आपण 'बायझंटाइन' म्हणतो, पण हे नाव फार उशिराचे आहे. सोळाव्या शतकात हियरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाने ते ग्रंथात वापरले आणि पुढे ते रूढ होत गेले. रोमानोस स्वतःला रोमनांचा सम्राट म्हणवत असे. भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती, राजधानी कॉन्स्टँटिनोपल, तरी ते लोक स्वतःच्या मते रोमनच होते. अरबांनी आणि इराण्यांनी या मुलखाला 'रूम' म्हटले. हा शब्द आपल्याला अनोळखी नाही. जुन्या मराठीत 'रूमशाम' आहे, आणि गांधी किंवा काष्ठौषधीच्या दुकानात 'रुमी मस्तकी' आजही मिळते. ती मूळची किऑस बेटावरची, म्हणजे रोमानोसच्याच राज्यातली. निजामशाहीत 1549 मध्ये अहमदनगरला मुलुखमैदान तोफ ओतणारा महंमदही 'रूमी'च होता. पण तोपर्यंत रूमी या शब्दाचा अर्थ पालटला होता. मांझिकर्टनंतर आनातोलियात, म्हणजेच आशिया मायनरमध्ये, बसलेल्या तुर्क सुलतानांनी स्वतःला रूमचे सुलतान म्हणवले, आणि तेराव्या शतकात कोन्याला राहिलेला कवी जलालुद्दीन हाही रूमीच झाला. रोमनांचे नाव त्यांना हरवणाऱ्यांकडे गेले आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आले. ही अदलाबदल कशी झाली, ते या माणसाच्या आयुष्यात दिसते.

तो कापादोकियातल्या लष्करी घराण्यातला. बाप कॉन्स्टँटाइन डायोजेनिस हा बल्गेरियाच्या मोहिमांत नाव कमावलेला सेनापती. सम्राटाविरुद्ध कट केल्याचा आरोप त्याच्यावर आला, त्याला मठात टाकले गेले, आणि चौकशी चालू असताना त्याने उंचावरून उडी घेऊन जीव दिला. रोमानोस तेव्हा अगदी लहान असला पाहिजे. पुढे तो बापासारखाच उत्तम सैनिक झाला, डॅन्यूबच्या बाजूला पेचेनेग टोळ्यांशी लढला, आणि बापासारखाच कटात सापडला.

त्याची सुटका झाली ती ज्या प्रसंगाने, त्यावर कादंबरीकारांच्या उड्या पडतील. मे 1067 मध्ये सम्राट कॉन्स्टँटाइन डुकास वारला. मरण्याआधी त्याने राणी युडोकियाकडून शपथ लिहून घेतली होती, की ती पुन्हा लग्न करणार नाही. तो लेख मुख्य धर्मगुरू जॉन झिफिलिनोस याच्या ताब्यात होता. डुकास घराण्याबाहेर गादी जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पण पूर्वेच्या सरहद्दीवरून दर उन्हाळ्यात तुर्कांच्या धाडी येत होत्या. राणीची मुले लढणारी नव्हती. दरबारातले वजनदार लोकही आता सैनिक हवा म्हणत होते. अशा वेळी कटाचा आरोपी म्हणून रोमानोस तिच्यासमोर उभा केला गेला, आणि तिने त्याला सोडले. शपथेतून मोकळे होण्यासाठी धर्मगुरूला असे भासवण्यात आले की राणीला त्याच्याच भावाशी लग्न करायचे आहे, आणि धर्मगुरूने होकार दिला, असे एक इतिहासकार सांगतो. ही कथा जरा जास्तच नेटकी आहे, म्हणून मी तिच्यावर फार भार टाकलेला नाही. 1 जानेवारी 1068 रोजी रोमानोस राणीचा नवरा आणि सम्राट झाला, एवढे पक्के.

त्याच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला ख्रिस्त रोमानोस आणि युडोकिया यांच्या मस्तकी हात ठेवून उभा आहे. दुसऱ्या बाजूला तिची पहिल्या नवऱ्यापासूनची तीन मुले, मायकेल, कॉन्स्टँटियस आणि अँड्रोनिकस. दरबाराचे सगळे राजकारण त्या सोन्याच्या चकतीवर आले आहे. सम्राट स्वतःच्या नाण्यावरसुद्धा एकटा नव्हता. मुलांचा काका जॉन डुकास हा 'सीझर' पदवीचा सरदार, सावत्र मुलगा मायकेल आणि त्याचा गुरू तत्त्वज्ञ मायकेल सेलस हे तिघे पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे उपरा म्हणून पाहत होते.

1068 आणि 1069 च्या मोहिमांवर मी फार पाने खर्च केलेली नाहीत. सिरियातले हिएरापोलिस त्याने घेतले, पण तुर्कांचे हलके घोडेस्वार तो जिथे असेल तिथून निसटून दुसरीकडे लूट करत. अनेक वर्षे पगार आणि शस्त्रांवाचून ठेवलेली फौज त्याला तीन उन्हाळ्यांत पुन्हा उभी करायची होती. ती अर्धीमुर्धी उभी राहिली.

ही हकिकत आपल्याला तिघांकडून मिळते, आणि त्या तिघांची ओळख असल्याखेरीज पुस्तक वाचण्यात अर्थ नाही. पहिला मायकेल अटालिआटिस. हा फौजेबरोबर असलेला न्यायाधीश, मांझिकर्टला प्रत्यक्ष हजर. त्याचा ओढा रोमानोसकडे आहे. पण त्याने ग्रंथ अर्पण केला तो नायकेफोरस बोटानिआटिस या पुढच्या सम्राटाला, आणि बोटानिआटिसने डुकासांची गादी घेतलेली होती. डुकासांची निंदा त्याच्या सोयीची होती, हे विसरून चालत नाही. दुसरा सेलस, त्या काळचा सर्वांत बुद्धिमान गद्यकार. तो डुकासांच्या घरचाच माणूस, आणि रोमानोसला परत घेऊ नये असा सल्ला देणाऱ्यांपैकी एक. तिसरा नायकेफोरस ब्रायेनियस, दोन पिढ्यांनंतरचा. त्याच्याच नावाचा त्याचा पूर्वज मांझिकर्टला डाव्या बगलेचा सेनापती होता. त्याची सासू मात्र ज्याच्यावर दग्याचा आरोप आहे त्या अँड्रोनिकस डुकासची मुलगी. घरात दोन्ही बाजू असलेल्या या लेखकाने अँड्रोनिकसचे मन सम्राटाबद्दल स्वच्छ नव्हते असे लिहून ठेवले, म्हणून त्याची साक्ष मला वजनदार वाटते.

1071 च्या वसंतात फौज निघाली. अटालिआटिसने वाटेतले अपशकुन बारकाईने टिपले आहेत. समुद्रधुनी ओलांडताना एक करडे कबूतर येऊन सम्राटाच्या हातावर बसले, पुढे त्याच्या तंबूचा खांब मोडला, मुक्कामाला आग लागून सामान आणि जनावरे जळाली. त्याच उन्हाळ्याआधी, एप्रिलमध्ये, इटलीतले शेवटचे मोठे ठाणे बारी नॉर्मनांनी घेतले होते. राज्य दोन टोकांना एकदम फाटत होते.

मांझिकर्टला पोचण्याआधी रोमानोसने जी चूक केली ती त्याचीच, आणि ती झाकण्याचा मी प्रयत्न केलेला नाही. सुलतान दूर सिरियाकडे आहे या समजुतीने त्याने फौजेचे दोन भाग केले. जोसेफ टार्कानिओटिस आणि नॉर्मन सरदार रूसेल यांना मोठ्या तुकडीसह वान सरोवराकाठच्या अहलातकडे धाडले. सुलतान मात्र अलेप्पोचा वेढा सोडून झपाट्याने उत्तरेला आला होता. तो आल्याचे कळताच ही तुकडी न लढता पश्चिमेला निघून गेली, सम्राटाला निरोपसुद्धा न देता. मांझिकर्टचा किल्ला रोमानोसने सहज घेतला आणि आपण जिंकतो आहोत असे त्याला वाटले.

त्याच सुमारास एका शिपायावर गाढव चोरल्याचा आळ आला. सम्राटाने शिक्षा दिली ती नाक कापण्याची. शिपायाने फौजेबरोबर असलेल्या ब्लाखर्नेच्या मेरीमातेच्या पवित्र चित्राची आण घालून दया मागितली, तरी शिक्षा पार पडली. अटालिआटिस स्वतः न्यायाधीश, कायद्याचा माणूस. तो लिहितो की हे पाहून आता दैवी कोप होणार असे त्याला वाटले. गाढवाची ही गोष्ट अनेक जण गाळतात. मी ती सविस्तर ठेवली आहे. रोमानोस शूर होता, कष्टाळू होता, पण मने जिंकणे त्याला येत नव्हते, आणि पुढे ज्या घडीला फौजेने त्याच्यासाठी थांबायला हवे होते त्या घडीला फार थोडे लोक थांबले.

लढाईच्या आदल्या दिवशी भाडोत्री फौजेतली उझ टोळीची एक तुकडी तुर्कांना जाऊन मिळाली. रक्ताने, भाषेने ते एकमेकांच्या जवळचेच होते. उरलेल्यांकडून निष्ठेची शपथ घेण्याचे काम अटालिआटिसने केले, आणि त्यांनी ती पाळली. सुलतानाकडून तहाचे दूत आले. रोमानोसने घातलेली अट अशी, की सुलतानाने आपली छावणी उठवून ती जागा आम्हाला द्यावी. ती अट मान्य होणारी नव्हती. पण चार वर्षे हातावर तुरी देऊन निसटणारा शत्रू पहिल्यांदाच समोर उभा होता, आणि रिकाम्या हातांनी परतलेला उपरा सम्राट राजधानीत किती दिवस टिकला असता? त्याला लढाई हवी होती, याचे कारण मला त्याच्या उर्मटपणात दिसत नाही. ते कॉन्स्टँटिनोपलमध्ये आहे.

शुक्रवारी, नमाजानंतर, पांढरी वस्त्रे घालून सुलतान सज्ज झाला. मरण आले तर हेच कफन, असा त्या वेषाचा अर्थ मुस्लिम इतिहासकारांनी सांगितला आहे. दिवसभर रोमन फौज पुढे जात राहिली आणि तुर्क मागे सरकत राहिले. संध्याकाळ होऊ लागली, छावणी मागे उघडी पडली होती, म्हणून सम्राटाने निशाण मागे फिरवण्याचा हुकूम दिला. दूरच्या तुकड्यांना वाटले सम्राट पडला. ही गैरसमजूत सावरण्याचे काम पिछाडीचे होते. पिछाडी होती जॉन डुकासचा मुलगा अँड्रोनिकस याच्या हाती. त्याने सम्राट पडल्याची आवई उठवली आणि आपले लोक घेऊन तो निघून गेला, असे अटालिआटिस म्हणतो. रोमानोस आपल्या तुकडीसह लढत राहिला. हाताला जखम झाली, घोडा मारला गेला, तो पायउतार होऊन लढला, आणि अंधारात पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या वेषातला हा कैदी सुलतानासमोर आणला तेव्हा सुलतानाचा विश्वास बसेना. आधी पकडलेल्या एका रोमन सरदाराने त्याला पाहून पायांवर लोटांगण घातले, तेव्हा ओळख पटली. मग जो संवाद झाला म्हणतात तो जगभर सांगितला जातो: माझ्या जागी तू असतास तर काय केले असतेस, असे सुलतानाने विचारले, आणि रोमानोसने काही न लपवता मी तुझे हाल केले असते असे सांगितले. शब्द प्रत्येक लेखकाकडे वेगळे आहेत. पण कैदी सुमारे आठ दिवस मानाने वागवला गेला, सुलतानाच्या पंगतीला बसला, आणि सोबत देऊन परत पाठवला गेला, यावर दोन्हीकडच्या लेखकांचे एकमत आहे. अटालिआटिससारखा ख्रिस्ती लेखक सुलतानाच्या या वागण्याची मनापासून स्तुती करतो.

तहाच्या अटी नीट पाहिल्या पाहिजेत. अरब ग्रंथांत 15 लाख दिनारांच्या दंडाचा आकडा येतो. शिवाय वार्षिक खंडणी, सोयरीक, सरहद्दीवरची काही शहरे. आनातोलिया सुलतानाने मागितलेला नव्हता. त्याचे लक्ष सिरिया आणि इजिप्तकडे होते, पाठीशी शांत शेजारी त्याला हवा होता. ज्याँ-क्लोद शेने या फ्रेंच इतिहासकाराने 1980 मध्ये दाखवून दिले की मांझिकर्टला फौजेचा फार मोठा भाग कापला गेला नव्हता. डावी-उजवी बगल, पिछाडी, अहलातला गेलेली तुकडी, यांतले बहुतेक लोक घरी पोचले. तह पाळला गेला असता तर मांझिकर्ट ही पुष्कळ हरलेल्या लढायांपैकी एक राहिली असती, असे मी या पुस्तकात ठामपणे म्हटले आहे.

तो पाळला गेला नाही. सम्राट सुटल्याची बातमी राजधानीत आली आणि डुकासांनी दार लावून घेतले. मायकेलला एकट्याला सम्राट जाहीर केले, युडोकियाला मठात पाठवले. रोमानोसने दोनदा लढून पाहिले, आधी डोकेयाजवळ आणि मग किलिकियात, दोन्हीदा हरला. दुसऱ्या वेळी समोर सेनापती होता अँड्रोनिकस डुकास, मांझिकर्टची पिछाडी घेऊन गेलेला तोच. 1072 मध्ये अदानाला रोमानोस शरण आला. गादीचा त्याग करायचा, साधूचे वस्त्र घ्यायचे, जिवाला आणि शरीराला धक्का लागणार नाही याची हमी तीन बिशपांनी द्यायची, असे ठरले. कैदेत दिलेले वचन मात्र तो विसरला नव्हता. जमवता आले तेवढे द्रव्य त्याने सुलतानाकडे पाठवल्याचे उल्लेख आहेत.

29 जून 1072 रोजी कोत्यायन येथे, आजच्या क्युताह्यात, त्याला आंधळे करण्यात आले. बिशप तिथेच होते. त्यांना त्याने हमीची आठवण दिली. त्यांच्यापैकी काहींची इच्छा असली तरी हातात काही नव्हते.

आंधळे करणे ही त्या राज्यात रुळलेली शिक्षा होती. सम्राट शरीराने अव्यंग असला पाहिजे, ही कल्पना तिच्यामागे होती. धृतराष्ट्राची गादी का हुकली हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ती समजावून सांगायला नको. खुनापेक्षा ही दया, असेही तिचे समर्थन केले जाई. रोमानोसच्या बाबतीत ते समर्थन उरले नाही. काम अडाणी हातांनी केले, जखमांना औषध दिले नाही. सुजलेल्या, पू झालेल्या चेहऱ्याने त्याला ओझ्याच्या जनावरावर घालून समुद्रापर्यंत नेले आणि प्रोती बेटावर ठेवले. ऑगस्टच्या सुरुवातीला तो वारला. अटालिआटिस एरवी संयमाने लिहितो. इथे तो कथन थांबवून सम्राट मायकेलला थेट जाब विचारतो.

मायकेलला हे ठाऊक नव्हते, असे सेलस सांगतो. अँड्रोनिकसने विरोध केला होता, असे ब्रायेनियस सांगतो. मग हुकूम कोणाचा? बोट जॉन डुकासकडे जाते, पण हात एकट्याचा नव्हता. याच सेलसने आंधळ्या रोमानोसला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. देवाने तुला अधिक वरच्या प्रकाशासाठी निवडले म्हणून हे डोळे घेतले, असा त्याचा आशय. सेलसच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, त्याचा ग्रंथ नसता तर अकरावे शतक आपल्याला इतके जवळून दिसले नसते. तरी ते पत्र मी क्षम्य मानत नाही. डोळे काढणाऱ्यांच्या पंक्तीला बसून ते लिहिलेले आहे.

पुढचे लवकर घडले. ज्याच्याशी तह झाला तो सम्राट नाही, मग तहही नाही. 1072 संपण्याआधी अल्प अर्सलानही एका कैद्याच्या सुऱ्याने मारला गेला, आणि शब्द देणारा आणि घेणारा दोघेही उरले नाहीत. 1074 मध्ये त्याच रूसेलने जॉन डुकासला सम्राट म्हणून उभे केले, तेव्हा मायकेलने स्वतःच्या काकाविरुद्ध तुर्कांना पैसे देऊन आणले. 1078 मध्ये बोटानिआटिसने गादी घेतली ती तुर्कांच्या मदतीने. 1080 च्या सुमारास मेलिसेनोस या दुसऱ्या दावेदाराने आनातोलियातल्या शहरांत तुर्की शिबंदी आपल्या हाताने बसवली. दारे आतून उघडली गेली. मायकेलच्या कारकिर्दीत धान्य इतके महागले, की सोन्याच्या नाण्याला मापाचा चौथा हिस्सा कमी मिळू लागला, आणि 'पाव उणा' अशा अर्थाचे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले.

आज तुर्कस्तानात 26 ऑगस्ट हा मलाझगिर्तच्या, म्हणजे मांझिकर्टच्या, विजयाचा दिवस म्हणून साजरा होतो. त्यांनी तो करावा, विजय त्यांचाच होता. माझी वाचकांना विनंती एवढीच, की त्या दिवसाचे प्रकरण वाचून पुस्तक मिटू नये. अदाना आणि कोत्यायनची प्रकरणे छोटी आहेत, पण पुस्तक लिहिले गेले ते त्यांच्यासाठी.

प्रोती म्हणजे आजचे किनालीआदा. तांबूस मातीमुळे तुर्कांनी त्याला मेंदीच्या रंगाचे बेट म्हटले. इस्तंबूलहून निघालेल्या बोटीला राजपुत्रांच्या बेटांपैकी हे पहिले लागते. तिथे रोमानोसनेच बांधलेल्या मठात युडोकियाने परवानगी मिळवून त्याला थाटाने पुरले. त्यांना दोन मुलगे होते. लिओ 1087 मध्ये डॅन्यूबकाठी पेचेनेगांशी लढताना पडला. नायकेफोरसने 1094 मध्ये सम्राट अलेक्सियसविरुद्ध कट केला आणि बापासारखेच त्याचेही डोळे गेले. तो जगला. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि घन आकृती हातांनी चाचपून तो भूमिती शिकला, असे अलेक्सियसच्या मुलीने, आन्ना कोम्निनीने, लिहून ठेवले आहे.